अंगठा दुखेपर्यंत

२ मार्च, सोमवार

माननीय डॉक्टर,

‘हवेविना जगणारे जिवाणू आणि मानवी आरोग्य’ या विषयावरच्या तीन दिवसांच्या परिषदेला प्रमुख वक्त्या म्हणून येण्याचं आपण मान्य केलंत, याबद्दल स्वागत समिती आपली आभारी आहे. आपलं व्याख्यान दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, सकाळी साडेदहाला मोठ्या सभागृहात आहे. व्याख्यानाला पन्नास मिनिटं, प्रश्नांना दहा. राहण्याची सोय समोरच्याच हॉटेलात चौथ्या मजल्यावर केली आहे. खोली लिफ्टला लागून असल्यामुळे थोडा आवाज येईल. दुसरी शिल्लक नव्हती, क्षमस्व.

व्याख्यानाआधी आपला परिचय वाचून दाखवायचा आहे. तो दहा ओळींत बसवून पाठवावा. सध्या आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे तो दोन पानी आहे. तो वाचायचा तर वाचणाऱ्याला मध्ये पाणी प्यावं लागेल.

पाणी प्यायचं वाक्य समितीचं नाही, माझं आहे. समितीच्या यादीत मी अकराव्या नंबरवर आहे, ‘प्रयोगशाळा साहाय्य व बिल्ले’. बिल्ले म्हणजे गळ्यात अडकवायचे ते. तुझा मीच छापणार आहे.

तुझा दादा बरा आहे. गुडघा दुखतो, पण सांगत नाही. जिना चढताना गुणगुणायला लागला की दुखतोय असं समजायचं.

आपली,
वहिनी


११ मार्च, बुधवार

वन्सं,

नऊ वर्षांनी धाकट्या नणंदेला मी पहिल्या दिवसापासून वन्सं म्हणायचे ते निव्वळ चेष्टेनं, आणि तू ताठ उभी राहून ‘बोला वहिनीसाहेब’ म्हणायचीस. एकोणीस वर्षांत या घरात ते कुणी कुणाला म्हटलेलं नाही. आज लिहून बघितलं. विचित्र दिसतंय, पण राहू दे.

माझ्या पत्राला तुझ्या मदतनीस बाईंचं उत्तर आलं. ‘डॉक्टरांना दहा ओळी मान्य आहेत. खोलीची अडचण नाही.’ बस, एवढंच. मी ते चारदा वाचलं, कुठे काही लपलंय का ते बघायला. काही लपलेलं नव्हतं. त्या बाईंचा हुद्दा मात्र माझ्यापेक्षा लांब आहे.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या त्याच टेबलावर. बेसिन तेच, खिडकीच्या काचेवर तोच पांढरा रंग. विभागातली नवी मुलं आता काचेच्या बंद पेटीत हातमोज्यांतून काम करतात, ती पेटी फार दिमाखाची आहे. वॉर्डातून आलेला पू मात्र अजून माझ्याकडेच येतो, आणि मला सगळे जारवाली म्हणतात. सव्वीस वर्षांत मिळालेली पदवी म्हणायची तर हीच.

नव्या मुलींना मी अजून तुला शिकवलं तसंच शिकवते. या जिवाणूंना हवेचं वावडं आहे. पू पसरलेली प्लेट जारमध्ये ठेव, हवा खाणारं पाकीट टाक, झाकण लाव, वरचा स्क्रू आवळ. किती आवळायचा? अंगठा दुखला की थांब. मग आतल्या निळ्या पट्टीकडे बघ. ती पांढरी झाली की आत हवा उरली नाही. पुन्हा निळी झाली तर समज, हवा शिरली आणि आतलं सगळं मेलं. दोन दिवस हात लावायचा नाही. दोन दिवसांनी उघड, आणि प्लेटवर काही नसेल तर नोंदवहीत लिही, ‘वाढ नाही’. सही कर, प्लेट टाकून दे.

आपल्या घरात त्या दोन शब्दांचा काय खेळ झाला होता. तू जेवायला बसून ताट पुढे करून म्हणायचीस, “वहिनी, वाढ.” मी म्हणायची, “वाढ नाही.” आणि दादा मान खाली घालून, “सही कर आणि टाकून दे.” आईंना बरेच दिवस वाटत होतं की मी तुला उपाशी ठेवते. त्यांनी एकदा मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलंही होतं, “पोरीशी काही बिनसलंय का?” तेव्हा खरंच काही बिनसलेलं नव्हतं. तुला संशोधनाला घ्या म्हणून आपल्या विभागप्रमुख सरांना मीच तर सांगितलं होतं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्या दोन वर्षं आधी मी स्वतः सरांकडे गेले होते, मलाही संशोधन करायचंय म्हणून. सर म्हणाले, “तुमचा हात फार चांगला आहे. हात टेबलावरच राहू द्या.” मला ते कौतुक वाटलं. घरी येऊन तुझ्या दादाला मी ते कौतुक म्हणूनच सांगितलं होतं.

मग तू आलीस. तीन महिने माझ्या शेजारी उभी राहिलीस आणि एके दिवशी, मी नोंदवहीत लिहीत असताना, म्हणालीस, “वहिनी, दोन दिवसांनीच का उघडायचं? आणखी थांबलो तर?”

मी म्हटलं, “नियम आहे.”

“पण कुणी थांबून बघितलंय का?”

कुणी नव्हतं बघितलं. सात वर्षं मी दिवसाला दहा-बारा वेळा ‘वाढ नाही’ लिहीत होते, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की नाही म्हणजे अजून नाही असंही असेल. यकृतात पू झालेला तो सुतार आला, त्याची प्लेट तू नऊ दिवस ठेवलीस, आणि नवव्या दिवशी तिच्यावर काचेवरच्या धुळीसारखे ठिपके आले. असा जिवाणू कुणाच्याच यादीत नव्हता. आपण त्याचं नाव सुतारच ठेवलं. सरांनी तुला सगळ्यांसमोर खुर्ची दिली. खरा सुतार त्याच्या डॉक्टरांच्या अंदाजी औषधानं बरा होऊन आधीच घरी गेला होता.

पोटात दुखणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. तुमच्या परिषदेत पोटावर अकरा व्याख्यानं आहेत, मी मोजली. या दुखण्यावर एकही नाही.

पुढे झालं ते झालं. स्क्रू सैल राहिला. नव्या माणसाच्या हातून होतं असं.

हे पत्र पाठवत नाही. सुट्टी संपली.

वहिनी


१८ मार्च, बुधवार

वन्सं,

तू आलीस. बिल्ल्यांच्या टेबलामागून मी तुला दारातून येताना बघितलं. डोक्यावरचे अर्धे केस पांढरे आणि तू ते काळे केलेले नाहीस. तुला शोभतात. मला त्याचासुद्धा राग आला.

आधी सांगून टाकते, लिफ्टजवळच्या खोलीपलीकडे तीन खोल्या रिकाम्या होत्या. बागेकडची चांगली खोली मी त्या टकल्या यंत्रविक्रेत्याला दिली होती. काल दुपारी मन खायला लागलं म्हणून बदलून घेतली. तेव्हा तू बागेकडच्या खोलीत आहेस ती माझ्या कृपेनं, आणि लिफ्टजवळ असतीस तर तीही माझीच.

तुझ्या बिल्ल्याला लाल फीत आहे, प्रमुख वक्त्यांना असते तशी. माझ्या बिल्ल्यावर ‘साहाय्य’ आहे, आणि तेही ‘सहाय्य’ असं छापलं गेलं. बाकी दोनशे चाळीस बिल्ले मी डोळ्यांत तेल घालून तपासले होते.

तुला वाटलं असेल की जुन्या यंत्रांचं प्रदर्शन मांडून मी मुद्दाम तिथे उभी राहिले. तसं नाही, मला नेमलं होतं. जेवणानंतर माणसं तुझ्याभोवती गोळा झाली. एक बाई तर तुझ्या हातातला कप धरायला उभी होती. त्यातून वाट काढून तू माझ्या टेबलाशी आलीस आणि बिल्ल्याकडे न बघता म्हणालीस, “वहिनी, पाठ कशी आहे?”

मी म्हटलं, “हा १९७० च्या सुमाराचा जार आहे.”

तू हसलीस. मग जार जवळ ओढलास, झाकण बसवलंस, स्क्रू आवळलास. थांबलीस. पुन्हा हात लावून बघितलास. पुन्हा एकदा. मी म्हटलं, “एकदा आवळला ना.” तू म्हणालीस, “सवय लागलीय. तीनदा बघितल्याशिवाय हात निघत नाही. माझे विद्यार्थी नकला करतात माझ्या.” आणि तू तुझा अंगठा चोळलास, उजवा.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तू, मध्ये जार, आणि ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, “चहा घेतलास का?”

तुझा दादा म्हणत होता, उद्या व्याख्यानानंतर घरी जेवायला बोलाव. मी म्हटलं तूच बोलाव. त्यानं फोन केला. तू म्हणालीस, संध्याकाळचं विमान आहे, पुढच्या वेळी नक्की. त्यानं मला ते सांगितलं आणि जिना चढून वर गेला, गुणगुणत. आई गेल्या म्हणून आलीस तेव्हाही तू हॉटेलातच उतरली होतीस. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचं वाईटही.

वहिनी


१९ मार्च, गुरुवार

वन्सं,

साडेचार वाजलेत. सगळे चहाला गेलेत आणि मी बिल्ल्यांच्या रिकाम्या खोक्यावर कागद ठेवून लिहितेय.

मागच्या दाराजवळ उभी राहून ऐकायचं ठरवलं होतं, म्हणजे मध्येच निघता येईल. तुझा दहा ओळींचा परिचय झाला, आणि तू पाण्याचा घोट घेऊन म्हणालीस, “परिचय वाचताना घसा सुकतो असं मला समितीनं कळवलं होतं.” सगळे हसले. माझं वाक्य, टाळ्या तुला. असं मनात आलं आणि त्याच वेळी मी हसलेही होते, हे कसं लिहावं कळत नाही.

पहिली वीस मिनिटं मी चुका शोधत होते. एकही सापडली नाही. माणसाच्या पोटात हवा पोचत नाही तिथे राहणारी ही सगळी वस्ती, कुणामुळे तब्येत राखली जाते आणि कुणामुळे पू होतो, हे तू असं सांगत होतीस की पहिल्या रांगेतले आपले सरसुद्धा मान डोलवत होते. सरांना आता ऐकू येत नाही. लोक हसले की ते दोन क्षणांनी हसतात.

मग तू पडद्यावर जारचं चित्र लावलंस.

तू म्हणालीस, “या जिवाणूचा पहिला नमुना मी स्वतःच्या हातानं मारला. मी तेव्हा शिकत होते. माझ्या वहिनीनं मला शिकवलं होतं, स्क्रू अंगठा दुखेपर्यंत आवळायचा. त्या दिवशी माझा अंगठा दुखला नसावा. मी तीन दिवस बाहेर गेले, परत आले तर पट्टी निळी. पुन्हा तो भेटायला मला सात वर्षं लागली, दुसऱ्या देशात, दुसऱ्या रुग्णात. तेव्हा विद्यार्थ्यांनो, अंगठा दुखू द्या.”

सभागृह खो खो हसलं. दोन क्षणांनी सर हसले. माझ्या शेजारी उभा असलेला कॅमेरावाला मला म्हणाला, “काय मस्त बोलतात ना बाई.” मी म्हटलं, “हो.”

नंतर एका मुलीनं विचारलं की तो पहिला नमुना आज मिळाला तर काय कराल. तू हसली नाहीस. म्हणालीस, “आज दहांपैकी नऊ रुग्णांत हा नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. तो मुळातच तसा होता, की औषधं खाऊन खाऊन आपणच त्याला तसा केला? तो पहिला मिळाला तर हे कळेल, आणि कुठलं औषध द्यायचं तेही. जिवंत मिळाला तर उत्तम. मेलेला मिळाला तरी चालेल, आता मेलेल्याचंही वाचता येतं. पण तो मिळणार नाही. तो माझ्याकडून गेला.”

तुला निरोप द्यायला मी आले नाही. खिडकीतून गाडी जाताना बघितली.

वहिनी


२१ मार्च, शनिवार

वन्सं,

तो तुझ्याकडून गेला नाही.

आता एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा चहाचं विचारत बसेन.

त्या सोमवारी तू सुतार दोन नव्या प्लेटांवर लावलास, जार बंद केलास आणि वर चिठ्ठी चिकटवलीस, ‘नऊ दिवस उघडू नये’. पहिली प्लेट तोवर हवेत राहून निकामी झाली होती. पू संपला होता. म्हणजे जगात तो फक्त त्या जारमध्ये होता. शुक्रवारी सरांनी तुला तीन दिवस दुसऱ्या संस्थेत पाठवलं, तुझा शोध तिथल्या लोकांना सांगायला. नवा कोट घालून तू घरातून निघालीस. तो कोट माझा होता, मी तुला इस्त्री करून दिला होता.

शनिवारी, सहाव्या दिवशी, दुपारी मी जार उघडला.

चुकून नाही. पट्टी पांढरी होती, जार ठीक होता. मला बघायचं होतं की आत काही नाही. एकदा झालं ते झालं, योगायोग असेल, पुन्हा नाही यायचा, असं मला सहा दिवस वाटत होतं आणि नवव्या दिवसापर्यंत दम निघेना. मला ‘वाढ नाही’ बघायचं होतं. मी झाकण काढलं, प्लेट उजेडात तिरकी धरली, आणि ठिपके होते. तुझे ठिपके, बारीक, ओळीनं.

हवा किती शिरली हे मला तुझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. नवं पाकीट टाकून जार पुन्हा बंद केला असता तर कदाचित काही वाचलं असतं. पण प्रत्येक पाकिटाची साठ्याच्या वहीत सही असते. ते मी टाकलं नाही. तसंच झाकण लावलं आणि स्क्रू आवळला.

त्याआधी मी आणखी एक केलं. एक ठिपका तारेच्या टोकावर घेऊन, मांसाचा चुरा असलेल्या नळीत खोल सोडला आणि वर मेण ओतलं. त्या नळीत हे जीव फार दिवस तग धरतात. का केलं? हाताला सवय आहे, ठिपका दिसला की उचलायचा, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. माझ्या मनात आलं होतं की सहा महिन्यांनी तो मला सापडेल. मलाच, माझ्या टेबलावर.

तू परत आलीस तेव्हा पट्टी निळी होती. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “स्क्रू आवळता येत नाही आणि म्हणे नवा जिवाणू.” तू माझ्याकडे बघितलंस. मी काही तरी बोलेन असं तुला वाटलं असणार. मी म्हटलं, “तुला किती वेळा सांगितलं होतं, अंगठा दुखेपर्यंत.”

त्या दिवसापासून जेवताना कुणी ‘वाढ’ म्हणालं नाही. दोन महिन्यांनी सरांनी तुझं काम थांबवलं आणि तू गेलीस.

सहा महिन्यांनी मला काही सापडलं नाही. नळीकडे हात जाईना. ‘जुनं माध्यम, टाकू नये’ अशी चिठ्ठी लावून ती मी खालच्या कपाटात मागे सारली. प्रयोगशाळेला दोनदा रंग लागला, फ्रिज बदलले, सर निवृत्त झाले, नळी तिथेच. दर वर्षी सफाईला मी ते कपाट स्वतः आवरते आणि सगळे म्हणतात, काय मन लावून काम करते बाई.

आज सुट्टीचा दिवस असून मी आले. मेण फोडलं, दोन प्लेटा लावल्या. नळीत उरलेल्या चुऱ्यावर लगेच नवं मेण ओतलं. जारमध्ये नवं पाकीट टाकलं आणि साठ्याच्या वहीत सही केली. पट्टी पांढरी झाली आहे. नऊ दिवस म्हणजे ३० तारीख.

माझा विचार काय आहे तेही लिहिते, नाहीतर तू मला चांगली समजशील. तो उगवला तर मी तुला नळी पाठवणार आहे, सोबत चार ओळी, की कपाट आवरताना जुनी नळी सापडली, कुणी कधी ठेवली देव जाणे. तू हरखून जाशील. हे पत्र मी फाडून टाकेन.

वहिनी


३० मार्च, सोमवार

वन्सं,

नऊ दिवस मी जारला हात लावला नाही. रोज सकाळी पट्टी बघायची आणि मागे फिरायचं. पाचव्या दिवशी एक नवी मुलगी म्हणाली, “मॅडम, यात काय आहे एवढं?” मी म्हटलं, “सुतार आहे.” ती घाबरून दोन पावलं मागे गेली.

आज सकाळी दहाला उघडला. पहिली प्लेट कोरी. दुसरी प्लेट उजेडात तिरकी धरली, भिंग लावलं, चष्मा पुसून पुन्हा बघितली. कोरी. नोंदवहीत मी लिहिलं, ‘वाढ नाही’, आणि सही केली. सव्वीस वर्षांत हे दोन शब्द लिहिल्यावर मी पहिल्यांदाच प्लेट टाकून दिली नाही. मी जे बघायला तेव्हा जार उघडला होता, ते मला एकोणीस वर्षांनी बघायला मिळालं.

मग चुऱ्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट, रंग न धरणाऱ्या काड्या दिसल्या. म्हणजे तो आहे, मेलेला आहे. मेलेल्याचंही वाचता येतं असं तू म्हणाली होतीस. तेव्हा नळी पाठवायचीच होती, सोबत त्या चार ओळींची थाप. मी नमुन्याचा फॉर्म घेतला आणि लिहायला बसले.

तू म्हणशील वहिनीला पश्चात्ताप झाला. तसं काही झालं नाही, फॉर्ममध्ये अडकले. तो तुला पाठ असेल. नमुना कोणाचा, कोणत्या प्लेटवरून, कोणी घेतला, तारीख, वेळ. यातला एक रकाना रिकामा असेल तर तो नमुना नाही, नुसतं नळीतलं मांस आहे, हे मी शंभर मुलींना शिकवलंय. ‘कोणी घेतला, माहीत नाही’ असं लिहिलं तर तो खरंच सुताराचा आहे हे तू जगाला कशावरून सांगणार? खोटी तारीख घालू म्हटलं, तर कुठली? पहिल्या प्लेटवरचा ठिपका न् ठिपका तुझ्या वहीत नोंदलेला होता. सोमवारच्या आधी त्या प्लेटा नव्हत्या. तू परत आल्यावर त्यांवर काही जिवंत नव्हतं. मधल्या ज्या दिवशी ठिपका उचलता येत होता त्या दिवशी जार बंद असायला हवा होता, आणि तू गावाला होतीस. कुठूनही बघितलं तरी तो शनिवारच येतो आणि मीच येते.

मी सव्वीस वर्षांत खोटा फॉर्म भरलेला नाही. गप्प बसले, तुला दोष दिला, पण फॉर्म खोटा भरला नाही. आजही तो भरवला नाही. म्हणून सगळं लिहिलं: सुतार, दुसरी प्लेट, शनिवार, दुपारी तीन, आणि ‘कोणी घेतला’ या रकान्यात माझं नाव, हुद्द्यासकट. शेऱ्याच्या जागेत लिहिलं, ‘जार मुदतीआधी मी उघडला. आधी झाकण घट्ट होते.’ आताच्या विभागप्रमुखांच्या टेबलावर एक प्रत ठेवली. त्यांनी वाचली आणि दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

दुपारी घरी जाऊन तुझ्या दादाला सांगितलं. त्यानं हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, “ती रडत होती तेव्हा मीही म्हटलं होतं, जरा लक्ष देऊन काम करावं.” एवढंच बोलला आणि वर गेला. जिन्यात गुणगुणला नाही.

नळी रुग्णालयाच्या पेटीतून, रीतसर परवानगीनं, तुझ्या संस्थेकडे येईल. ही पत्रं वेगळ्या पाकिटात आहेत, सगळी, फाडायची होती तीसुद्धा. तुला राग येईल. यायलाच हवा. तू एवढी मोठी झालीस ते मी जार उघडला म्हणूनच, असा विचार माझ्या मनात येतो, आणि तो मला फार आवडतो, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही. तुझा मत्सर माझा अजून गेलेला नाही. तुझ्या पांढऱ्या केसांचा तर वाढलाच आहे. पण तो माझा आहे, त्याची झळ तुझ्या हाताला नको.

कधी यावंसं वाटलं तर घरी ये, हॉटेलात नको. जेवायला बसलीस की ताट पुढे करून काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे. मी यावेळी दुसरा शब्द न काढता वाढीन.

एक राहिलं, आणि ते फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसलं नाही. त्या सोमवारी, जार बंद करून तू घरी आलीस, तेव्हा तुझा अंगठा लाल झाला होता. तुला घास नीट धरता येत नव्हता. पूर्ण जेवणभर तू तो गार पाण्याच्या पेल्याला टेकवून बसली होतीस. मी तुझ्या समोर बसले होते आणि मी ते बघितलं होतं.

यापुढे स्क्रू एकदाच बघ.

वहिनी